एव्हरेस्टवर पैसे लावू इच्छिणाऱ्यांसाठी

घोड्यांवर पैसे लावायचे असं तुम्ही ठरवलंच असेल, तर आधी अभिनंदन. विमा, मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी असल्या गोष्टींत लोकांची उभी हयात जाते आणि शेवटी हाती काय लागतं, तर सुरक्षितता. तुम्हाला याहून वेगवान काहीतरी हवंय. मग मेलबर्न कपच्या नादाला लागू नका. ती शर्यत ३२०० मीटरची, तीन मिनिटांहून जास्त चालते. एवढ्या वेळात माणूस भानावर येऊ शकतो. आपला घोडा मागे रेंगाळतोय हे त्याला दिसतं, मग घरभाडं आठवतं, मग बायको आठवते. हे टाळायचं असेल तर सिडनीची ‘द एव्हरेस्ट’ धरा. रँडविकचं मैदान, ऑक्टोबरातला शनिवार, १२०० मीटर, बारा घोडे आणि निकाल अडुसष्ट-एकोणसत्तर सेकंदांत. पश्चात्तापाला फटच ठेवलेली नाही. बक्षिसाची रक्कम २०२३ पासून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन लाख. यातला एकही सेकंद तुमचा नाही, पण तो हिशेब पुढे येईलच.

सुरुवात इतिहासापासून करा. नुसते पैसे लावणारा जुगारी ठरतो आणि इतिहास सांगून पैसे लावणारा शौकीन. एव्हरेस्टची मोठी सोय अशी की तिचा इतिहास एका बैठकीत पाठ होतो. मेलबर्न कप १८६१ सालचा. पहिली दोन वर्षं जिंकलेला आर्चर न्यू साउथ वेल्सहून मेलबर्नपर्यंत शेकडो मैल पायी चालत गेला, असं तिथले लोक अजून सांगतात. तो बोटीने गेला होता. पण इतकी सुंदर थाप रुजायला शंभर-दीडशे वर्षं लागतात आणि एव्हरेस्टकडे तेवढा वेळ नव्हता. ती सुरू झाली २०१७ साली. परंपरा नसेल तर ती तडक विकत घ्यावी लागते. ते काम रेसिंग न्यू साउथ वेल्स या, सिडनीच्या राज्यातल्या घोडेशर्यतींचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे प्रमुख पीटर व्हलँडीस यांनी मनापासून केलं. मेलबर्नकर १८७९ पासून आपली कॉलफील्ड कप नावाची शर्यत भरवत होते. २०१९ पासून एव्हरेस्ट नेमकी तिच्याच शनिवारी येते. याला योगायोग म्हणा. सिडनीत तसंच म्हणतात.

जगातली गवतावरची सर्वांत श्रीमंत शर्यत म्हणून तिची दवंडी पहिल्या वर्षापासून पिटली जात होती, पण ‘ग्रुप वन’ हा सर्वांत वरचा अधिकृत दर्जा तिला २०२४ साली मिळाला. तोवर सात वर्षं नुसता पैसाच होता. एरवी घोडं वरातीमागून येतं म्हणून लोक हसतात. इथे वरातच इतकी झगमगीत होती की घोडं मागे राहिलंय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ऑपेरा हाउसचं प्रकरण मात्र तपशिलात पाठ करा, कारण या शर्यतीच्या इतिहासात घोड्याशिवाय घडलेली सर्वांत मोठी घटना तीच. २०१८ साली ठरलं की कोणता घोडा कोणत्या गेटातून सुटणार, हे ऑपेरा हाउसच्या पांढऱ्या शिडांवर प्रकाशाने झळकवायचं. म्हणजे जागतिक वारसा म्हणून युनेस्कोने नोंदवलेल्या इमारतीवर. ऑपेरा हाउसच्या प्रमुख बाई म्हणाल्या, जॉकींच्या कपड्यांचे रंग दाखवू, पण नावं आणि जाहिरात नको. ॲलन जोन्स या रेडिओवाल्याने त्यांना थेट प्रसारणात असं काही झापलं की पुढे त्याला माफी मागावी लागली. पण राज्याच्या मुख्यमंत्री तेवढं थांबल्या नाहीत. त्यांनी बाईंचं म्हणणं बाजूला सारून परवानगी दिली आणि देशाच्या पंतप्रधानांनी तर ऑपेरा हाउस म्हणजे सिडनीचा सर्वांत मोठा जाहिरात फलक, असं मनमोकळं सांगून टाकलं. विरोधाच्या अर्जावर तीन लाखांच्या घरात सह्या पडल्या. ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लोक टॉर्च आणि मोबाइलचे दिवे घेऊन पायऱ्यांपाशी जमले आणि शिडांवरची जाहिरात पुसली जावी म्हणून खालून उजेड मारत राहिले. जाहिरात काही पुसली गेली नाही. घोडे शनिवारी पळाले आणि गर्दी आदल्या वर्षीपेक्षा जास्त झाली. ज्या शर्यतीचं नाव लोकांना ठाऊक नव्हतं, ते विरोधकांनी घरोघर पोचवलं. यापुढे तुम्हाला काही खपवायचं असेल तर आधी चांगले विरोधक शोधा. जाहिरात संस्थेपेक्षा स्वस्त पडतात.

आता पैशाकडे येऊ. या शर्यतीत घोडा असून भागत नाही, जागा लागते. बारा जागा आहेत. सुरुवातीला एका जागेचे वर्षाला सहा लाख डॉलर, तेही तीन वर्षांच्या बोलीने. अमेरिकेतल्या पेगासस वर्ल्ड कप या शर्यतीने २०१७ च्या जानेवारीत दहा लाख अमेरिकन डॉलरला जागा विकून वाट दाखवली होती. जागा घेणाऱ्याकडे घोडा असायलाच हवा असं नाही. त्याने घोडेवाल्याशी सौदा करायचा, तुझा घोडा माझ्या जागेतून पळव आणि बक्षीस वाटून घेऊ. बारा सक बहात्तर लाख तर इथेच जमले. पहिल्या वर्षीचं बक्षीस एक कोटीचं, म्हणजे त्यातला मोठा हिस्सा स्पर्धकांनीच आधी पेटीत टाकलेला. जागा घेणाऱ्यांत घोड्यांची पैदास करणारे बडे स्टड फार्म होते, ट्रेनर होते, आणि शिवाय बेटिंगचा टोट, म्हणजे सगळ्यांच्या पैशांची एकत्र पेटी, चालवणारी कंपनी आणि सिडनीतला एक कॅसिनोही होता. जुगाराच्या धंद्यातले लोक स्वतः पैसे गुंतवताना काय विकत घेतात, हे नीट पाहून ठेवा. ते घोड्यावर नव्हे, जागेवर पैसे लावतात.

सहा लाख तुमच्याकडे नसतील, अशी नुसती शंका घेतो. घाबरू नका, तुमची सोय त्यांनी २०१८ मध्येच केलीय. त्याच दिवशी ‘द कॉसिउस्को’ नावाची शर्यत होते, खेड्यापाड्यांतल्या ट्रेनरांच्या घोड्यांसाठी. तिची जागा पाच डॉलरच्या तिकिटाची सोडत काढून मिळते. एव्हरेस्ट ८,८४८ मीटर उंच आणि कॉसिउस्को हा ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत उंच डोंगर २,२२८. ज्याच्या खिशात जेवढं, त्याला तेवढा डोंगर.

पण तुम्ही मोठ्या डोंगरावरच पैसे लावणार. तर घोडा निवडायचा कसा?

काही लोक वंशावळ पाहतात. ती पाहू नका असं नाही, पण एव्हरेस्ट जिंकणाऱ्यांत खच्ची केलेले घोडे बरेच आहेत: २०१७ आणि २०१८ ही दोन्ही वर्षं जिंकणारा रेडझेल, २०२० चा क्लासिक लेजंड, २०२१ चा नेचर स्ट्रिप, २०२२ चा गिगा किक. वंश पुढे चालवायची चिंता नसल्याने बिचारे नुसते पळतात. रेडझेल तर फक्त एक लाख वीस हजार डॉलरला घेतलेला, आणि अनेक छोट्या भागीदारांत वाटलेला. ही गोष्ट प्रत्येक बेटिंगवाल्याला तोंडपाठ असते. त्याच किमतीला घेतलेले आणि पुढे कुणाच्याही लक्षात न राहिलेले घोडे किती, ते पाठ करायची पद्धत नाही.

मग वजन बघा. एव्हरेस्ट वयानुसार वजनाच्या नियमाने पळते. तीन वर्षांच्या घोड्याच्या पाठीवर ५३ किलो, त्याहून मोठ्याच्या पाठीवर ५८.५. साडेपाच किलोंची सूट ही केवढी तरी मोठी. २०१९ ला येस येस येस आणि २०२२ ला गिगा किक, दोघेही तीन वर्षांचे, जिंकले. तेव्हा तिथला हिशेब साधा झाला, तीन वर्षांच्याला धरा. २०२४ ला जिंकली बेला निपोटिना. घोडी, आणि सात वर्षांची. आता साधा हिशेब कुठे ठेवायचा ते तुम्ही बघा. वयाचीही एक गंमत आहे. ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ ऑगस्टला असतो, जन्म कधीही झालेला असो. ज्या खेळात जन्मतारीखसुद्धा सोयीने ठरते, तिथे तुम्ही आकडेवारीवर विश्वास टाकून बसा.

गेटचा अभ्यासही करा. रँडविकला घोडे उजव्या हाताने वळतात आणि शेवटच्या सरळीत चढ आहे. आतल्या गेटातून सुटलेला घोडा कमी अंतर पळतो, पण पुढच्यांच्या मागे कोंडला जातो. बाहेरच्या गेटातल्याला मोकळं मैदान मिळतं, पण वळणावर जास्त पळावं लागतं. म्हणून शर्यतीनंतर जिंकलेल्याला आतलं गेट लाभलं असं म्हणतात, किंवा बाहेरचं लाभलं असं म्हणतात. टीव्हीवरचे जाणकार हे काम अत्यंत गंभीर चेहऱ्याने करतात. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे फिरवायच्या आवारात, दिसणाऱ्या घोड्याच्या मानेवर घाम दिसला तर एक म्हणतो घाबरलाय, दुसरा म्हणतो पेटलाय. घोडा शेपटीने माशी हाकलत असतो.

हे सगळं नको असेल तर सरळ फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे लागलेत तो घोडा, धरा. २०२२ ला नेचर स्ट्रिप होता, चार महिन्यांपूर्वीच इंग्लंडातल्या रॉयल ॲस्कॉटच्या शर्यती गाजवून आलेला. चौथा आला. २०२५ ला हाँगकाँगचा का यिंग रायझिंग होता आणि तो खरोखर जिंकला. पण जिंकणार हे सगळ्यांनाच ठाऊक असल्याने भाव इतका कमी होता की पैसे लावणाऱ्यांना आनंद भरपूर आणि नफा जेमतेम मिळाला. फेव्हरिटची रीत अशी आहे. हरला तर मुद्दल जातं, जिंकला तर बाजूवाला म्हणतो, यात तू काय विशेष केलंस?

म्हणून खरा खेळाडू ट्रायफेक्टाकडे वळतो. पहिले तीन घोडे क्रमाने सांगायचे. बारा घोड्यांत असे १,३२० क्रम होतात. प्रत्येकावर एक डॉलर लावला तर तुम्ही जिंकणारच, शंभर टक्के. हा या लेखातला एकमेव खात्रीचा सल्ला, आणि किंमत फक्त १,३२० डॉलर. परत किती मिळतील ते विचारू नका, खात्रीच्या गोष्टीत असं विचारत नाहीत. एवढे नसतील तर ‘फ्लेक्सी’ आहे. सगळ्या क्रमांवर मिळून वीस डॉलर लावा. जिंकलात की जाहीर झालेल्या रकमेचा दीड टक्का तुमचा. पडद्यावर मोठा आकडा झळकतो, शेजारी पाठीत धपाटा घालतात, आणि दीड टक्का हा विषय तुम्ही कुणाजवळ काढत नाही.

टोटची रीत समजून घेतली की मन शांत होतं. सगळ्यांचे पैसे एकत्र करायचे, आधी आपला कट काढायचा, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. असं समजा की बारा घोडे अगदी बरोबरीचे आहेत आणि सगळ्यांवर सारखेच पैसे लागलेत. तर एका डॉलरला बारा डॉलर मिळायला हवेत. टोटने १५ टक्के कापले की उरतात दहा डॉलर वीस सेंट. टोट कोणत्या घोड्याच्या बाजूने असतो, हे आता विचारायला नको. रेसिंग न्यू साउथ वेल्स याहून हुशार. बेटिंग कंपन्यांच्या नफ्यावर नव्हे, एकूण उलाढालीवर फी घ्यायचा तिचा हक्क २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, मान्य केला. तुम्ही हरा, जिंका, वा तिकीट खिशातच विसरा, फी निघालेली असते. दोन कोटींचं बक्षीस डोंगरावरून वितळून येत नाही. चाळीस-पन्नास हजार माणसं नवे कपडे घालून मैदानावर येतात आणि त्याच्या कित्येक पट माणसं घरी मोबाइलवर अंगठा टेकवतात. घोड्याने आपलं नशीब काढावं म्हणून आलेल्या या मंडळींनी घोड्यांचं नशीब कधीच काढलंय.

सरकारला तुमची काळजी नाही असं म्हणू नका. पूर्वी बेटिंगच्या जाहिरातींखाली ‘जबाबदारीने जुगार खेळा’ असं लिहीत. २०२३ च्या मार्चपासून तिथे नवी वाक्यं आली. त्यातलं एक सरळ सांगतं की तुम्ही हरण्याचीच शक्यता आहे. दुसरं म्हणतं, कधी जिंकाल, पण हराल जास्त. जाहिरातीचा निवेदक उत्साहाने ओरडत भाव सांगतो आणि शेवटच्या दोन सेकंदांत तोच, आवाज जरा खाली आणून, हे वाक्य वाचून मोकळा होतो. क्रेडिट कार्डावर ऑनलाइन बेटिंग २०२४ पासून बंद आहे, त्यामुळे आता फक्त स्वतःचेच पैसे घालवता येतात. स्वतःला बेटिंगपासून बंद करून घ्यायचं असेल तर ‘बेटस्टॉप’ ही सरकारी यादी आहे. ती तुमच्यासाठी नाही अर्थात, तुम्हाला तर कधीही थांबता येतं.

आता समजा, तुम्ही जिंकलात. एकदा नव्हे, सारखे जिंकू लागलात. अभ्यास केलात, वजनं मांडलीत, वेळा मोजल्यात आणि चुकीचे भाव हेरलेत. इथे जरा जपून. हरणाऱ्याला कंपनी बोनस बेट देते, वाढदिवसाच्या शुभेच्छा देते. जिंकणाऱ्याचं खातं मात्र आवळलं जातं. पन्नास डॉलर लावायला जावं तर पडद्यावर येतं, तुमच्यासाठी मर्यादा दोन डॉलर सत्तर सेंट. हे इतकं बोकाळलं की २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्सला नियम करावा लागला, अमुक रकमेपर्यंतची बेट बुकीने स्वीकारलीच पाहिजे. जुगाराच्या धंद्यात जुगार खेळण्याची सक्ती फक्त दुकानदारावर करावी लागली.

तुम्हाला ती अडचण येईलसं वाटत नाही. तर गल्ल्यापाशी वेळेवर पोचा, रांग मोठी असते. आणि एव्हरेस्टनंतर लगेच घरी पळू नका, त्या दिवशी पुढेही शर्यती आहेत.