वन बीएचकेवाल्यांचं मार्केटिंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

इंटिरियरच्या धंद्यासाठी कुठलं सोशल मीडिया निवडावं या माझ्या लेखावर काल एक लांबलचक प्रतिक्रिया आली. थोडक्यात म्हणणं असं, की इन्स्टाग्रामला मी तिसऱ्या नंबरवर टाकलं हे चूक, हे सगळं नजरेचं काम आहे, फेसबुक आता कोणी बघत नाही, पिंटरेस्टला फक्त दोन ओळी दिल्यात आणि आकडा एकही नाही. इथपर्यंत ठीक. पण मधलं एक वाक्य जसंच्या तसं देते : "ज्यांना हाय-एंड कामं मिळत नाहीत ते वन बीएचकेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मार्केटिंग म्हणतात."

पिंटरेस्टचं मान्य. तिथे पिन, म्हणजे आपण टाकलेला फोटो, सर्च करून सापडते, टाकल्यावर कित्येक महिन्यांनीसुद्धा सापडते आणि माणूस थेट तुमच्या वेबसाइटवर येतो, एवढं तरी त्या दोन ओळींत यायला जागा होती.

आता ते वाक्य. मुद्दा मांडा ना, कोण अडवतंय? पण समोरच्याला केवढी कामं मिळतात त्यावरून तो बरोबर की चूक हे ठरवायचं, ही कुठली पद्धत? आणि वन बीएचके म्हणजे काय कमीपणा आहे का? मी गिरगावात चाळीत वाढले, दोन खोल्यांत सात माणसं, पोटमाळ्यावर अंथरुणं, मोरीच्या कट्ट्यावर हंडे. जागा कमी असली की एकेक इंच कसा लागतो ते मला शिकवायला कॉलेज लागलं नाही. या शहरात बहुतेक लोक अशाच घरांत राहतात आणि त्या घरांचं काम करणाऱ्या डिझायनरलाच मी तो लेख लिहिला होता, पहिल्याच परिच्छेदात तसं स्पष्ट लिहिलंय. लेख वाचलात की नुसतं हेडिंग?

राहिलं हाय-एंड. स्वतःचं सुरू करण्याआधी मी एका मोठ्या फर्ममध्ये नोकरी केली, वरळीचे समुद्र दिसणारे फ्लॅट, एकेका बाथरूमच्या इटालियन मार्बलवर आठवडाभर मीटिंगा. ती कामं यायची आर्किटेक्टच्या ओळखीने, बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटवरून, नाहीतर जुन्या क्लायंटच्या मेव्हण्याकडून. इन्स्टाग्रामचं पेज लोक बघायचे, पण नाव आधी कानावर पडलेलं असायचं, पेज फक्त खात्री करून घ्यायला. म्हणजे तुम्ही ज्या कामांचा दाखला देताय तिथेही तुमचं म्हणणं सरळ लागू होत नाही, हे मी आत राहून बघितलंय, रील बघून नाही.

आणि त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नेमकं काय होतं ते सांगते. विक्रोळीला कन्नमवार नगरात रिडेव्हलपमेंट झालेल्या एका बिल्डिंगमध्ये मी एक किचन केलं. पझेशन मिळालं की अख्खी बिल्डिंग एकदमच फर्निचरला लागते, ग्रुपवर दिवसभर तेच, सुतार कोण, प्लाय कुठली, स्क्वेअर फुटाला काय घेतले. माझ्या क्लायंट काकूंनी स्वतःच फोटो काढून टाकला. वाकडा, ट्यूबलाइटच्या उजेडात, ओट्याखालची ट्रॉली बाहेर ओढलेली, गॅसच्या पाइपसाठी मागून कापलेली फळी दिसतेय आणि बाजूला बीडब्ल्यूपीचा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा, शिक्का असलेला प्लायचा उरलेला तुकडा. त्या फोटोवरून वरच्या मजल्यावरच्यांचे फोन आले, कारण त्यांच्या किचनमध्ये तोच कॉलम त्याच कोपऱ्यात आडवा येतो आणि फ्रिज कुठे ठेवायचा हाच त्यांचाही प्रश्न होता. त्यांना माझी नजर बघायची नव्हती, तो कॉलम मी कसा सोडवला ते बघायचं होतं, आणि ते विचारायला काकू लिफ्टमध्ये रोज भेटत होत्या. याला मार्केटिंग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

त्याच किचनची मी रीलसुद्धा केली होती, माणूस बोलावून, नीट लाइट लावून. बघितली भरपूर जणांनी. मेसेज आले ते इंदूरहून, लुधियानाहून, "प्राइस प्लीज", कॉलेजच्या मुलांना ड्रॉइंग हवं होतं, आणि हँडल-बिजागरी विकणारे. रील आपल्याला फॉलो न करणाऱ्यांनाही दाखवली जाते हा तिचा फायदाच आहे, पण विक्रोळीत कोणाला चावी मिळाली ते काही ती बघत नाही. त्यासाठी पैसे भरून ॲड करावी लागते, मॅपवर पिन टाकून आसपासचे किलोमीटर ठरवावे लागतात. हेही लेखात आहे. इन्स्टाग्राम करू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही, तिसरं ठेवलंय, आणि तिसरंच ठेवणार.

फेसबुकबद्दल एवढंच, की इन्स्टाग्राम 2012 मध्ये आणि व्हॉट्सॲप 2014 मध्ये त्याच कंपनीने घेतलं. एकाच ॲड्स मॅनेजरमधून ॲड फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे जाते, त्यामुळे जुनं विरुद्ध नवं या वादात मला रस नाही. मुलगा इन्स्टाग्रामवर असेल, पण चेकवर सही करणारे त्याचे बाबा फेसबुकवर आहेत, निदान माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये तरी.

गुगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गुगल सर्चमध्ये आणि मॅपवर दिसणाऱ्या आपल्या धंद्याच्या नोंदीवर, जवळजवळ अर्धा लेख होता, त्यावर तुमचा एक शब्द नाही. गुगल स्वतः सांगतं की लोकल सर्चमध्ये अंतर बघितलं जातं, म्हणजे मुलुंडमध्ये कोणी "इंटिरियर डिझायनर" शोधलं तर मुलुंडच्या लहान डिझायनरलाही वर दिसायची संधी आहे, आणि रिव्ह्यूचाही उपयोग होतो. नव्याने धंदा सुरू करणाऱ्या मुलींना याचा किती आधार आहे! त्यावर काही बोलला असतात तर बरं वाटलं असतं, चूक काढली असतीत तरी.

आकडे मागितलेत. कुठल्या घरातून किती पैसे आले ते मी इथे लिहिणार नाही. क्लायंटशी माझं तसं ठरलेलं असतं, आणि त्या बिल्डिंगमधले बरेच जण हा ब्लॉग वाचतात.