लाकडी इमारती खरंच काडेपेटी असतात का?

नमस्कार,

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बहुमजली लाकडी इमारती बांधाव्यात, या माझ्या लेखावर इतकं मन लावून लिहिल्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. बहुमजली लाकडी इमारतीत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ठेवणं म्हणजे काडेपेटीत ठेवणं. आणि घरांसाठी झाडं तोडणं पर्यावरणाच्या भल्याचं कसं?

आधी आगीबद्दल, कारण प्रश्न जिवाचा आहे. काडी भुर्रकन जळते ती बारीक असते म्हणून. शेकोटीतला जाड ओंडका विझल्यावर फोडून बघा. वर काळा कोळसा, आत लाकूड जसंच्या तसं. अशा इमारती सीएलटीच्या (क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर) बांधतात. सीएलटी म्हणजे फळ्यांचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवून केलेले जाड तक्ते. त्यातही वरचा थर कोळसा होतो आणि आतल्या लाकडाला आच लागू देत नाही. पाइन, स्प्रूससारखं लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर जळतं, म्हणजे ९० मिनिटांत जेमतेम सहा सेंटिमीटर. तेवढी जाडी जाणार हे धरूनच उरलेल्या लाकडावर भार मोजतात.

पण तुमची भीती अगदीच निराधार नाही. काही गोंद तापले की सैल पडतात, थर सुटून खाली येतात आणि आग नव्याने भडकते. म्हणून उष्णता सोसणारा गोंद आणि जिप्सम बोर्डाचं आवरण यांवर तडजोड नकोच. खर्चाला कात्री लागते ती स्वस्त घरांतच आधी, याची मलाही धास्ती वाटते.

झाडांबाबत तुमचं म्हणणं मान्य. एका घनमीटर लाकडात सुमारे ०.९ टन कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो, पण तोडलं तिथे पुन्हा लावलं आणि वाढवलं तरच हा हिशेब जुळतो. नैसर्गिक जंगल तोडून बांधलेल्या घराचं समर्थन मी करणार नाही. मूळ लेखात हे निसटलं होतं, आता घातलं आहे.

लाकूड दरवेळी काँक्रीटपेक्षा स्वस्त पडतं असंही नाही. बचत होते ती वेळेत आणि वजनात. लंडनमधल्या मरे ग्रोव्ह इथल्या नऊ मजली इमारतीचा (२००९) लाकडी सांगाडा चार सुतारांनी कामाच्या २७ दिवसांत उभा केला. लाकूड काँक्रीटच्या साधारण एक पंचमांश वजनाचं, त्यामुळे पायाही हलका लागतो.

मला खरी काळजी वाटते ती पाण्याची. न्हाणीघराच्या फरशीखाली एखादा सांधा थेंबथेंब गळत राहतो, वरून काही कळत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. म्हणून नळ भिंतीत गाडू नयेत, उघडून पाहता येतील असे ठेवावेत आणि तपासणीचा खर्च पहिल्या दिवसापासून इमारतीच्या हिशेबात धरावा.