सकारात्मक विचार आणि आमच्या दुकानातली पिवळी रेघ

आज सकाळी सकारात्मक विचारांतून व्यवसाय कसा वाढवावा, या विषयावरच्या एका कार्यशाळेला गेलो होतो आणि मध्यंतरातच उठून आलो. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

वक्त्यांनी सुरुवातीलाच सर्वांना डोळे मिटायला लावले आणि ‘नाही’, ‘जमणार नाही’, ‘नुकसान’ हे शब्द आजपासून आयुष्यातून काढून टाका, असे सांगितले. इथवर माझी काही तक्रार नव्हती. नंतर एक ताई प्रश्न विचारायला उभ्या राहिल्या. त्यांचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. शाळेच्या गणवेशांचे काम हातचे गेल्यामुळे मशिनच्या कर्जाचे हप्ते थकले आहेत, आता काय करावे, एवढेच त्यांनी विचारले. त्यावर व्यासपीठावरून उत्तर आले की, तुम्ही सतत तोट्याचा विचार करता म्हणून तोटा तुमच्याकडे येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या ताई हातातली वही मिटून खाली बसल्या. ती मिटलेली वही काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काय झाले असेल ते समजून घ्या. गणपती पेठेतले आमचे किराणा-भुसार दुकान बुडाले. पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तेव्हा तांदळाची पोती फुगून शिवणीत उसवली होती, गुळाच्या ढेपांच्या जागी काळा चिकट राडा उरला होता आणि हळद भिजून भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक पिवळी रेघ उमटली होती. अण्णा पायरीवर बसले ते दुपारपर्यंत तसेच बसून होते. कोणाशी एक शब्द बोलले नाहीत. मग उठले, घरी हलवलेली खतावणी मागवून घेतली आणि कोरे पान काढून कोणता माल किती गेला, काय भावाचा होता, कोणाचे किती देणे आहे, हे एकेक करून लिहून काढले. संध्याकाळी बेरीज झाली. त्यांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि एकेका घाऊक व्यापाऱ्याला स्वतःहून फोन लावला. “शेठ, माल गेला. दिवाळीपर्यंत पैसे देता येणार नाहीत. पण तुमचा पैसा बुडणार नाही.” या वाक्यात ‘नाही’ दोनदा आले आहे, आणि याहून भरवशाचे वाक्य मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. त्यातल्या बहुतेकांनी पुढच्याच महिन्यात उधारीवर माल पाठवला.

अण्णांनी त्या दिवशी डोळे मिटून भरलेल्या दुकानाचे चित्र पाहिले असते, तर तो माल आला असता का?

आजच्या वक्त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचेही उदाहरण दिले, आणि तेही अर्धवट. त्यांचा स्वतःवर विश्वास होता म्हणून ते मोठे झाले, एवढेच सांगितले. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, हे सांगितले नाही. बेळगावातली जागा सोडावी लागली, मग औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, हेही गाळले. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यात आहे. इथल्या लोकांना तरी ही गोष्ट पूर्ण सांगायला हवी होती. दोन वर्षे ‘नको’ ऐकून घेणारा माणूस खरा आशावादी. ‘नको’ हा शब्दच कानांवर येऊ द्यायचा नाही, असे ठरवणाऱ्याने धंद्यात पडूच नये.

तोटा विचारांमुळे येतो म्हणणाऱ्यांनी एकदा पूर ओसरल्यानंतर आमच्या पेठेतून चालत जावे आणि एकेका दुकानदाराला विचारावे की, बाबा रे, तू असा काय विचार केलास म्हणून कृष्णा तुझ्या दुकानात शिरली? ज्याचे नुकसान झाले, त्यालाच दोषी ठरवण्याची ही पद्धत मला क्रूर वाटते. आपल्यापैकी कोणीही दारात आलेल्या अडचणीतल्या माणसाला असे बोलणार नाही. मग पैसे भरून आलेल्या माणसाला ते कसे बोलवते?

आता थोडा शांत झालो आहे, म्हणून हेही मान्य करतो की अशा कार्यशाळांतून काही जणांना खरोखर उभारी मिळते आणि सदा रडगाणे गाणाऱ्या माणसाकडे गिऱ्हाईकही फिरकत नाही. मन खचले की हात चालत नाहीत, हे मी घरातच पाहिले आहे. पुरानंतर महिनाभर आमच्या अण्णांना नीट झोप नव्हती, तरी पहाटे उठून दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते त्या ओल्या, कुबट दुकानात वेळेवर जाऊन बसत. विकायला फक्त मीठ, साबण आणि काडेपेट्या होत्या. “दुकान उघडं दिसलं पाहिजे,” एवढेच ते म्हणत. ही मनाची ताकदच होती, आणि ती नसती तर खतावणीतला हिशोबही कामाला आला नसता, हे मला कबूल केले पाहिजे.

दुकानाला नवा रंग देताना ती पिवळी रेघ मात्र अण्णांनी पुसू दिली नाही. २०२१ च्या जुलैत कोयनेतून सोडलेल्या पाण्याचे आकडे वाढू लागले, तेव्हा शेजारी म्हणत होते की दरवेळी तसे होत नसते, चांगले बोला. अण्णांनी काही वाद घातला नाही. त्या रेघेकडे बोट दाखवून हमालांना सांगितले की, हिच्या खाली एक पोतेही ठेवायचे नाही. पाणी पुन्हा आले, पण आमचा बहुतेक माल वाचला.

कार्यशाळेतून निघताना त्या ताईंना जिन्यात गाठले आणि अण्णांबद्दल सांगितले. उद्या अकरा वाजता त्या दुकानात येणार आहेत. कर्जाचे कागद आणि ती वही बरोबर आणा, असे त्यांना सांगितले आहे. अण्णांनी आत्ताच विचारले की मशिन किती आहेत आणि हप्ता किती तारखेचा असतो.