आमच्या भिंतींना पंख नकोत

आज सकाळी बेळगावच्या गणपत गल्लीतून भाजी घेऊन परतताना नेहमीप्रमाणे मागच्या बोळात शिरलो आणि जागच्या जागी थांबलो. जुन्या सायकल दुकानाच्या भिंतीवर पांढरा रंग फासून त्यावर दोन भलेमोठे रंगीत पंख काढले आहेत. मधोमध उभे राहायचे आणि फोटो काढून घ्यायचा. असेच पंख मी पुण्यात पाहिले आहेत, पणजीतही पाहिले आहेत. त्यांच्याखाली आमच्या पेंटरमामांच्या हातची अक्षरे गाडली गेली. संध्याकाळ झाली तरी माझा संताप उतरलेला नाही.

ती अक्षरे रंगवली जात असताना मी तिथे होतो. खडूच्या भुकटीत घोळवलेल्या दोरीचे एक टोक माझ्या हातात असायचे, दुसरे मामांच्या. मधोमध चिमटीत धरून त्यांनी ती ताणून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उमटायची. माझा हात हलला तर ते रागावत नसत, ओल्या फडक्याने रेघ पुसत आणि म्हणत, "घट्ट धर, परत मारूया." वर मराठी, खाली कन्नड. मराठीची शिरोरेघ ते एका दमात ओढत आणि कन्नडच्या वळणांसाठी ब्रश बोटांत फिरवत नेत. दोन्ही लिप्यांना ते सारखाच वेळ देत, ही गोष्ट मला मोठेपणी, शहरात भाषेवरून एवढे रण माजलेले पाहिल्यावर, फार मोलाची वाटू लागली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ज्या शहरात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, त्या शहरात सायकल दुकानाची हाताने रंगवलेली भिंत जपण्यासारखी आहे, एवढे कुणाच्या मनात येऊ नये? के. बी. कुलकर्णींनी इथेच चित्रकार घडवले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. अशा गावाला भिंतीवर काय काढावे हे बाहेरच्या फोटोंवरून उचलावे लागते, याची मला लाज वाटते.

बाहेरून आलेला पाहुणा किल्ल्यातले १२०४ सालचे जैन मंदिर, कमल बस्ती, पाहतो, कुंदा बांधून घेतो आणि निघतो. त्याला दोष देणार नाही. पण आपण तरी कुठे चालतो? नार्वेकर गल्ली, भातकांडे गल्ली, मेणसे गल्ली या नावांवरून आपण गाडी हाकतो आणि वाहतुकीला शिव्या देतो. पायी गेले तरच जुन्या दारावरची कोरीव गणेशपट्टी दिसते, मंडळाच्या फळ्यावर कुणीतरी रंगीत खडूने सजवलेला मजकूर दिसतो, आणि दिवाळीत पोरांनी अंगणाच्या कोपऱ्यात मातीचे बुरूज उभे करून पायथ्याशी पेरलेले अळीव उगवलेले दिसतात. रेल्वेमार्ग ओलांडून शहापुरात गेलात तर मामला आणखी वेगळा. ते पूर्वी सांगली संस्थानात होते आणि विणकरांचे म्हणून ओळखले जाई. तिथून वडगावकडे चालत निघा, अजूनही कुठल्यातरी घरातून मागाचा आवाज रस्त्यावर येतो. पूर्वी मामा कामाला निघाले की मी त्याच रस्त्याने रंगाचे डबे घेऊन त्यांच्या मागे चालायचो. कोणत्या भिंतीला ओल धरते, कोणत्या चुन्यावर ऑइलपेंट पोपडे धरून सुटतो, हे ते चालता चालता सांगत.

पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवे, हा कर्नाटकाचा २०२४ चा कायदा आल्यावर हाताने रंगवलेल्या कितीतरी पाट्या उतरल्या. त्या कायद्याबद्दलचे माझे मत इथे उगाळत नाही. मला सलते ते वेगळेच. नवी पाटी करायचीच होती तर ती पेंटरकडून का करून घेतली नाही? मामांसारख्या माणसाने तेच कन्नड किती देखणे लिहिले असते! सगळे धावले फ्लेक्सवाल्याकडे, आणि आता अख्ख्या बाजारात मराठी काय, कन्नड काय, दोन्ही भाषा एकाच यंत्रातून ओतलेल्या दिसतात.

पंख रंगवल्यापासून त्या कोपऱ्यात कचरा पडत नाही, हे शेजारच्या दुकानदाराने सांगितले. ते खरे असेल, मान्य. पण कचऱ्यासाठी पेटी ठेवता येते.

रंगवणारी मुले कॉलेजातली होती म्हणे. लिहायला बसलो तेव्हा त्यांच्यावर तुटून पडायचे ठरवले होते, आता तसे वाटत नाही. त्यांचा हात चांगला आहे, पिसांच्या छटा मनापासून दिल्या आहेत. ज्यांनी त्यांना ती भिंत दिली, त्यांनी आधी गल्लीतल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाला विचारायला हवे होते. मग त्याच मुलांनी मामांची अक्षरे उजळून दिली असती आणि पंखांसाठी शेजारची कोरी भिंत होतीच.

मी उद्या आमच्या मंडळाच्या पोरांशी बोलणार आहे. शिवजयंतीच्या चित्ररथामागचा पडदा या वेळी फ्लेक्सचा नको, रंगवलेला हवा, आणि तो गावातल्याच पेंटरकडून करून घ्यायचा. त्याने खर्च वाढत असेल तर माझी वर्गणी वाढवा. कुणाच्या ओळखीत अजून ब्रश हातात धरणारा पेंटर असेल, तर त्याला विचारून मला कळवा.