बिस्किटांचा डबा आणि दाराला अडकवलेली दोन पत्रके

आज दुपारी शेजारच्या मेक्सिकन आजींच्या, म्हणजे आमच्या आबुएलांच्या, दाराच्या मुठीला अडकवलेली निवडणुकीची दोन प्रचारपत्रके मी काढून त्यांच्या हातात नेऊन दिली आणि तेव्हापासून मनात जी चीड उसळली आहे ती अजून शमलेली नाही. दोन्ही पत्रके स्पॅनिशमध्ये होती आणि दोन्हींवर पांढऱ्या केसांच्या आजीचे व तिच्या मांडीवरच्या नातवाचे छायाचित्र होते. एकात लिहिले होते की तुमचे कुटुंब आम्ही तुटू देणार नाही, दुसऱ्यात लिहिले होते की सीमा आम्हीच सुरक्षित ठेवू. कोणते पत्रक कोणत्या पक्षाचे हे मी सांगत नाही, कारण माझा राग दोघांवर सारखाच आहे. माझ्या दाराला अडकवलेली पत्रके मात्र इंग्रजीत होती आणि त्यांत घरपट्टी, घराच्या विम्याचे हप्ते, शाळा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा हे विषय होते. २०१७ साली हार्वे वादळात आमचे टेक्ससमधले ह्यूस्टन शहर बुडाले तेव्हा आमच्या दोन्ही घरांत एकाच नाल्याचे पाणी शिरले होते. तरीही निचऱ्याबद्दल मला विचारायचे आणि त्यांना केवळ सीमेबद्दल विचारायचे, हे कोणत्या न्यायाने ठरते?

आबुएलांनी चष्मा लावून दोन्ही पत्रके शेवटपर्यंत वाचली, घडी घालून मेजावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "मिहा, यांना वाटते मी काल रात्रीच नदी ओलांडून आले." स्पॅनिशमध्ये आबुएला म्हणजे आजी, मिहा म्हणजे पोरी, आणि नदी म्हणजे मेक्सिकोच्या सीमेवरची रिओ ग्रांदे. माझी मुले त्यांना आबुएला म्हणतात म्हणून मीही तेच म्हणू लागले, आणि माझ्या धाकट्याच्या वेळी व्हिसाअभावी आईला येता आले नाही तेव्हा चाळीस दिवस रोज कोंबडीचे गरम कालवण घेऊन याच बाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्यांचे माझ्याशी जमले ते बेदाण्यांमुळे. मी तासगावची, आमच्याकडे शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा वाळतो. त्यांनी उमेदीची वर्षे कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या आसपास द्राक्षे तोडण्यात आणि वेलींच्या ओळींमध्ये कागदावर घड पसरून वाळवण्यात घालवली. पहिल्याच भेटीत दोघींनी एकमेकींच्या हातांकडे पाहिले होते.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक निळा गोल डबा आहे. बाकीच्या घरांत त्यात सुया आणि दोरे असतात, त्यांच्या डब्यात पगाराच्या पावत्या आणि घरभाड्याच्या चिठ्ठ्या आहेत. १९७९ साली त्या कागदपत्रांविना आल्या आणि का कोण जाणे, पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक चिठोरे जपून ठेवत गेल्या. १९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात अट अशी होती की १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून तुम्ही या देशात सतत राहत असल्याचा पुरावा द्या. आबुएलांनी तो डबा कार्यालयातल्या मेजावर उपडा केला. त्या कायद्याने शेतमजुरांसह सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्याचे कागद मिळाले आणि त्यांतल्या एक माझ्या शेजारी राहतात.

त्यांची धाकटी बहीण १९८४ मध्ये आली. लॉस एंजेलिसला घरकाम करायची, त्यामुळे शेतमजुरांसाठीची वेगळी सवलतही तिला लागू झाली नाही. दोन बहिणी एकाच आईच्या पोटच्या, एकाच वाटेने आलेल्या, आणि त्यांच्यामध्ये एक तारीख आडवी आली. ती बहीण आज सत्तरीला टेकली आहे, आबुएलांच्याच मागच्या खोलीत राहते, आणि अजून तिच्याजवळ कागद नाहीत.

आपल्या इथल्या मराठी मंडळींपैकी कोणीतरी म्हणेलच की बहिणीसाठी अर्ज का नाही केला, म्हणून सांगते. आबुएलांना नागरिकत्व मिळाले ते १९९६ च्या उन्हाळ्यात. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियात रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांच्या पाठिंब्याने कागदपत्रांविना राहणाऱ्यांच्या मुलांना शाळा आणि त्यांच्या कुटुंबांना दवाखाने बंद करणारा ठराव क्रमांक १८७ मतदारांनी मंजूर केला होता. पुढे न्यायालयाने तो अडवला, परंतु त्या भीतीने ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड होते ते लाखोंच्या संख्येने नागरिक व्हायला धावले आणि आबुएला त्यांच्यात होत्या. १९९६ च्याच ३० सप्टेंबरला अध्यक्ष क्लिंटन यांनी असा कायदा केला की वर्षभराहून अधिक काळ कागदांविना राहून जो देश सोडेल त्याला दहा वर्षे परत येता येणार नाही. म्हणजे बहिणीने कागद घ्यायला मेक्सिकोला जावे तर दहा वर्षे अडकावे, न जावे तर कागद नाहीत. त्या सहीनंतर पाच आठवड्यांनी आबुएलांनी आयुष्यातले पहिले मत दिले, आणि ते क्लिंटन यांनाच दिले. त्या कायद्याने आपल्या घराचे काय केले हे त्यांना अनेक वर्षांनी कळले.

मधे एक फट उघडली होती. ३० एप्रिल २००१ पर्यंत ज्याच्यासाठी नातेवाइकाने अर्ज दाखल केला असेल त्याला पुढे आपला क्रमांक लागल्यावर दंड भरून इथेच कागद मिळवता येणार होते. आबुएलांनी एका नोटारियोला पैसे दिले. लॅटिन अमेरिकेत नोटारियो म्हणजे कायद्याचे शिक्षण घेतलेला जाणता माणूस, अमेरिकेत नोटरी म्हणजे केवळ सहीला साक्ष देणारा, आणि या एका शब्दाच्या फरकावर किती गरिबांना लुबाडले गेले त्याला गणती नाही. त्याने अर्ज पाठवलाच नाही. पैसे दिल्याची पावती डब्यात आहे.

आता मला सांगा, १९८६ पासून आजपर्यंत दोन्ही पक्षांनी किती वेळा या लोकांच्या दारावर थाप मारली आणि आत येऊन काय दिले? रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी स्पॅनिश बोलून दाखवले, २००४ मध्ये सुमारे चाळीस टक्के हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या लोकांची, मते घेतली, आणि २००७ मध्ये या लोकांना कागद देण्याचे त्यांचे विधेयक सिनेटमध्ये पडले ते मुख्यतः त्यांच्याच पक्षाच्या विरोधाने. डेमोक्रॅट ओबामांनी २००८ मध्ये पहिल्याच वर्षी असे विधेयक आणण्याचे वचन दिले होते आणि ते पाळले नाही. त्यांच्या काळात इतक्या लोकांना हद्दपार केले गेले की २०१४ मध्ये एका मोठ्या लॅटिनो संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना हद्दपारीचे सरसेनापती म्हटले. लहानपणी आणलेल्या मुलांना २०१२ मध्ये त्यांनी दिलासा दिला हे मान्य, पण तो आदेश होता, कायदा नव्हे, आणि ती मुले आज मध्यमवयीन होत आली तरी न्यायालयाच्या तारखांवर जगतात. २०१३ साली सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी दोन्ही पक्षांचे एकत्र विधेयक मंजूर केले. रिपब्लिकन नेत्यांनी प्रतिनिधिगृहात ते मतालाच येऊ दिले नाही. सिनेटच्या मतदानाच्या त्या रात्री दोन्ही बहिणी दूरदर्शनसमोर बसल्या होत्या असे आबुएला सांगतात, आणि हे सांगताना त्यांचा आवाज कधीच चढत नाही, याचाच मला त्रास होतो.

२०२४ मध्ये आबुएलांनी ट्रम्प यांना मत दिले. मला कळले तेव्हा मी त्यांच्याशी बोलणे टाकले. दिवाळी नुकतीच झाली होती, फराळाचे ताट भरून ठेवले होते, ते मी पाठवले नाही. त्या दिवसांत आपल्या गटात आपण सगळेच म्हणत होतो की या लोकांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि मीही ते लिहिले. आज मला त्या ताटाची लाज वाटते. तीन आठवड्यांनी आबुएलाच माझ्याशी बोलायला आल्या आणि म्हणाल्या की अंडी, भाडे, नातवाचे बांधकामावरचे काम, हे सगळे तू मोजतेस तसेच मीही मोजते. मग आवाज खाली आणून म्हणाल्या की २०२३ पासून व्हेनेझुएला, क्यूबा, हैती आणि निकाराग्वाच्या लोकांना विमानाने आणून कामाचे परवाने देता येतात, तर जिने चाळीस वर्षे यांच्या घरांतल्या फरश्या पुसल्या तिच्यासाठी यांच्याकडे कागद का नाही? मला उत्तर देता आले नाही. ते लोकही संकटातून आलेले होते हे मी म्हणू शकले असते, आणि ते खरेच आहे, परंतु पलीकडे त्यांच्या मागच्या खोलीत त्यांची बहीण खोकत होती.

मतदानोत्तर चाचण्यांनुसार त्या निवडणुकीत ट्रम्प यांना सुमारे ४६ टक्के हिस्पॅनिक मते मिळाली. रिओ ग्रांदे नदीकाठच्या स्टार काउंटीत, जिथे जवळजवळ प्रत्येक माणूस मेक्सिकन वंशाचा आहे, १८९२ नंतर प्रथमच अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकला. एका पक्षाने यातून अर्थ काढला की हे मतदार कृतघ्न आहेत. दुसऱ्याने काढला की हे आता कायमचे आपले झाले, आणि त्या भरवशावर ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्ससचे मतदारसंघ नव्याने आखताना पाच जागा वाढवण्यासाठी हिस्पॅनिक बहुसंख्येच्या भागांवर रेघा ओढल्या. तोवर कागद नसलेल्यांना पकडण्याच्या धाडी सुरू झाल्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू जर्सीच्या पसेइक काउंटीने, जिने वर्षापूर्वीच ट्रम्प यांना कौल दिला होता, गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट उमेदवाराला निवडले. माणसे विचार करत आहेत, मत बदलत आहेत, जसे प्रत्येक शहाणा मतदार बदलतो. त्यांना कोणाची वडिलोपार्जित मिरास समजण्याचा अधिकार या लोकांना कोणी दिला?

आणि हिस्पॅनिक म्हणजे तरी कोण? पोर्तो रिकोचा माणूस १९१७ पासून जन्मानेच नागरिक आहे, क्यूबाच्या माणसासाठी १९६६ पासून वेगळा कायदा आहे, आणि स्टार काउंटीतल्या कित्येक घराण्यांनी सीमा ओलांडलीच नाही, १८४८ मध्ये सीमाच त्यांना ओलांडून गेली. कोकणी, वऱ्हाडी, बेळगावकर आणि इंदूरकर यांना एकच पत्रक पाठवून कोणी मराठी मत मागितले तर आपण काय म्हणू, ते इथे सांगायला नको. सीमेवर २०२३ मध्ये अव्यवस्था झाली होती आणि देशाला आपली सीमा सांभाळण्याचा हक्क आहे, एवढे मी मान्य करते. त्यापुढे मात्र मी जाणार नाही, कारण ती बहीण गेल्या वर्षीपासून रविवारच्या प्रार्थनेला जात नाही, डॉक्टरकडे जात नाही, कचऱ्याचा डबासुद्धा अंधार पडल्यावर बाहेर ठेवते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपलीच भारतीय माणसे इथून हद्दपार करून, बेड्या घालून अमृतसरला उतरवली गेली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी म्हटले की ती वेगळी, आपण वेगळे, आपण ग्रीन कार्डच्या रांगेत उभे आहोत. आबुएलांच्या डब्यासमोर बसून हे वाक्य पुन्हा म्हणून पाहा.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. संध्याकाळी मी माझी इंग्रजी पत्रके घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेले आणि एकेक ओळ वाचून दाखवली. पासष्टीनंतर शाळेच्या कराचा आकडा गोठतो, ती सवलत टिकवण्याबद्दल उमेदवाराने काही लिहिले आहे का, हे त्यांनी दोनदा विचारले. लिहिलेले नव्हते. नाल्याच्या कामाची सभा मंगळवारी आहे, आम्ही दोघी जाणार आहोत, आणि २०१७ साली घरात शिरलेल्या पाण्याची छायाचित्रे त्यांनी डब्यातून काढून मेजावर ठेवली आहेत. बहीण म्हणाली, सभेला माझेही नाव सांगू नका.