‘माझ्याकडे काहीच नाही’ असं शपथेवर लिहिलं की सुटका होते?

कर्जबाजारी माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: वसुलीचा हुकूमनामा (पैसे भरण्याचा कोर्टाचा आदेश) झाला तरी भिऊ नका, जमीन बायकोच्या नावावर करा, ॲफिडेव्हिटमध्ये ‘काहीच नाही’ लिहा, दिवाणी मामला आहे, तुरुंग नाही, आणि तपासतंय कोण? हप्त्यांनी पिचलेली माणसं यावर विसंबतात, म्हणून हे लिहितोय.

‘तुरुंग नाही’ हे अर्धंच खरं. ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत, त्याला निव्वळ गरिबीपायी डांबता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० सालीच बजावलंय. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५१ पाहा. दावा दाखल झाल्यावर लबाडीने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली किंवा दडवली, तर तेच दिवाणी तुरुंगाचं कारण ठरतं. शिवाय तुरुंगात राहून कर्ज फिटत नाही. म्हणजे कायद्याने दिलेलं संरक्षण हा सल्लाच घालवतो.

तपासतो धनको, म्हणजे ज्याचं कर्ज थकलंय तो. हुकूमनाम्याचे पैसे ३० दिवस थकले की त्याच्या अर्जावरून कोर्ट मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागू शकतं. तोंडी जबानीही घेऊ शकतं. तिथे त्याचा वकील सातबारा आणि फेरफार हातात घेऊन उभा असतो. बक्षीसपत्र समन्सनंतरचं निघालं की ‘मोबदला किती घेतला?’ याला उत्तर नसतं. धनकोंना बुडवायला केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतं, आणि त्या दाव्यात बायकोलाही उभं राहावं लागतं.

खोट्या शपथेची फिर्याद कोर्ट क्वचितच करतं, हे मान्य. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे कोर्टापुढे खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सल्ला पाठवणारा ती भोगायला येणार नाही.

आहे ते सगळं खरं लिहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतीची अवजारं, बैल, बियाणं, कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी जप्त होत नाहीत. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सहसा सुटतात. हप्ते बांधून मागण्याचा अर्जही करता येतो. हुकूमनाम्यानंतर त्याला धनकोची संमती लागते, आणि ज्याचं ॲफिडेव्हिट खोटं निघालंय त्याला ती मिळणं कठीण.