ओव्हल हॉपरची जाडी आणि झालेला उशीर: आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की १.५ एमएम पत्र्याचे पैसे घेतले आणि हॉपर (मसाला ओतायचं नरसाळ्यासारखं भांडं) एका अंगाला १.०५, दुसऱ्या अंगाला ०.८५ भरतो, म्हणजे आम्ही पत्रा मारला. वर माल आठ दिवस उशिरा. मापं बरोबर आहेत. परत आलेला पीस मी स्वतः मायक्रोमीटर लावून पाहिला. पण पत्रा मारलेला नाही, एवढं मला सांगायलाच हवं.

तुमचा हॉपर तोंडाशी ४०० बाय २८० एमएम, उंची २०० एमएम. आम्ही हे काम शिअर स्पिनिंगने करतो: फिरता रोलर सपाट पत्रा डायवर, म्हणजे फिरत्या साच्यावर, दाबत नेतो आणि भिंत जितकी उभी, तितका पत्रा पातळ होतो. गोल हॉपरला उतार सगळीकडून सारखा, म्हणून जाडीही सारखी. ओव्हलला लांब अंगाची भिंत मध्यरेषेशी ४५ अंशांत पडते, तिथे १.५ चे १.०६ उरतात. आखूड अंगाला ३५ अंश, म्हणजे भिंत जास्त उभी, तिथे ०.८६. तुमच्याच मापांशी ताडून बघा.

चूक आहे ती दुसरीच, आणि ती आमची. ड्रॉइंगवर ‘किमान १ एमएम’ स्पष्ट लिहिलेलं होतं. हा हिशेब ऑर्डर घेतानाच करून तुम्हाला २ एमएम पत्रा सुचवायला हवा होता. आखूड अंगालाही १.१५ च्या आसपास मिळाले असते. गोल कामाच्या सवयीने कोटेशन दिलं.

तारीखही त्याच सवयीने दिली. ओव्हलमध्ये दर फेऱ्याला रोलर दोनदा आत-बाहेर होतो. स्पिंडल (साचा फिरवणारा दांडा) १०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्यांवर, ठेवला तरी मिनिटाला २०० वेळा. वेग वाढवला की रोलर मागे पडतो, लांब टोकाशी आदळतो आणि पत्र्यावर नखाने ओढल्यासारखी रेघ उठते. तुमच्या दोन पीसवर बोट फिरवल्यावर लागते ती हीच. उशीर भरून काढायला आम्ही वेग वाढवला होता. ते दोन पीस शेडबाहेर पडायलाच नको होते.

सांध्यात मसाला अडकतो म्हणून तुम्हाला वेल्डिंग नको होतं, ते अगदी रास्त आहे. तेव्हा बाराही पीस २ एमएममध्ये, अखंड, आमच्या खर्चाने नव्याने करून देतो. पहिला पीस तुम्ही पास केल्याशिवाय उरलेले अकरा मशीनवर चढवणार नाही. येताना तुमचाच मायक्रोमीटर आणा, दोन्ही अंगांना तोंडापासून खालपर्यंत सोबत मोजू.